सुसर आणि शिंपी : एका वाड्यातली दोन घरे

कृष्णाकाठच्या एका उपसा पाणीपुरवठा संस्थेत मी सव्वीस वर्षे मोटार चालवली. वीज आली की मोटार सुरू करायची, गेली की नोंदवहीत वेळ लिहायची आणि मधले तास नदीकडे बघत बसायचे, अशी ती नोकरी. माझे शिक्षण बारावीपर्यंत. प्राणिशास्त्र मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. नोंदवहीची मागची कोरी पाने आणि सांगलीतून आणलेली जुनी पुस्तके, हीच माझी शाळा. सालिम अलींचे पक्ष्यांवरचे पुस्तक आणि जे. सी. डॅनियल यांचे सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे पुस्तक, दोन्ही इंग्रजी. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचून काढली. पूर्वी ही दोन पुस्तके मी दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवत असे. आज ती एकाच फळीवर, एकमेकांना खेटून उभी आहेत. हा बदल कसा झाला आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, ते या लेखात सांगायचे आहे.

दोन घरटी

१९९८ चा उन्हाळा होता. मोटारघराच्या एका अंगाला अंजिराचे झाड होते. त्याच्या दोन पानांच्या कडा एकमेकींना शिवून शिंपी पक्ष्याच्या मादीने त्यात कापूस भरायला घेतला होता. दुसऱ्या अंगाला, पन्नास-साठ पावलांवर, नदीची उंच दरड. त्या दरडीच्या भुसभुशीत मातीत एका मगरीने खड्डा करून अंडी घातली होती. एका खिडकीतून एक घरटे दिसे, दुसऱ्या खिडकीतून दुसरे.

आमच्याकडे मगरीला सगळे सुसरच म्हणतात. पुस्तकी मराठीत सुसर म्हणजे लांब, निमुळत्या जबड्याची घडियाल. ती कृष्णेत नाही. कृष्णेत आहे ती रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली मगर. शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. महाडची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी यांतही हीच. वाढलेला नर तीन-चार मीटर लांब आणि दोनशे किलोच्या घरात भरतो. शिंपी पक्षी, ऑर्थोटोमस सुटोरियस, सात-आठ ग्रॅमचा. लॅटिनमध्ये 'सुटोर' म्हणजे मोची. आपल्या लोकांनी त्याला शिंपी केले, हे मला अधिक पटते. कारण तो कातडे शिवत नाही, पान शिवतो. चोचीने पानाच्या कडेला भोक पाडायचे, कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा त्यातून ओवायचा आणि धाग्याचे टोक बाहेरच्या बाजूने फुगवून ठेवायचे, म्हणजे टाका निसटत नाही. हे सारे काम मादी एकटी करते.

वजनाच्या काट्यावर एका पारड्यात एक मगर ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात सुमारे पंचवीस हजार शिंपी पक्षी ठेवावे लागतील. या दोघांत नाते आहे, असे तेव्हा मला कुणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

जुनी फळी

शाळेत आपण पाठ केले : मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी, सस्तन प्राणी. मगर तिसऱ्या खणात, सरडा आणि साप यांच्या शेजारी. शिंपी चौथ्या खणात. ही मांडणी डोळ्याला पटते. मगरीला खवले आहेत, ती पोटावर सरकते, उन्हात पडून राहते. कार्ल लिनिअस यांनी १७५८ साली तिला सरड्यांच्याच प्रजातीत घातले होते आणि तो सगळा गट बेडकांबरोबर एका वर्गात ठेवला होता. पक्ष्यांना अर्थातच स्वतंत्र वर्ग मिळाला.

पण वरचे रूप आणि आतले नाते या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आपण माणसांतही पाहतो. शेजारच्या घरात राहणारा दिसायला सारखा माणूस परका असतो आणि परगावी गेलेला, बोलणे-चालणे बदललेला माणूस सख्खा चुलतभाऊ निघतो. एकोणिसाव्या शतकात थॉमस हक्स्ली यांनी पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची हाडे समोरासमोर मांडून ते एकाच घराण्याचे आहेत, हे दाखवले. १८६९ साली एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी 'आर्कोसॉरिया' हे नाव वापरले. आज या नावाने जे घराणे ओळखले जाते, त्यात मगरी, डायनोसॉर, उडणारे टेरोसॉर आणि पक्षी येतात. सरडे, पाली आणि साप त्यात येत नाहीत.

म्हणजे नाते असे : मगरीला सरडा दूरचा आणि शिंपी जवळचा. सुमारे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी या घराण्याच्या वाटण्या झाल्या. एका वाटणीतून मगरी आल्या, दुसरीतून डायनोसॉर आणि त्यांच्यापासून पक्षी. मधली सगळी माणसे, म्हणजे डायनोसॉर आणि टेरोसॉर, निघून गेली. मोठा वाडा पडला आणि त्याच्या दोन टोकांना दोन घरे तेवढी उभी राहिली. मधल्या भिंती नाहीत, म्हणून ही दोन घरे एकाच वाड्याची आहेत हे ओळखू येत नाही, एवढेच.

२०१४ साली अमेरिकन ॲलिगेटर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल या तिघांची जनुकीय लिपी प्रसिद्ध झाली, ती पक्ष्यांच्या अनेक जातींच्या लिपीबरोबरच. जुने नाते पक्के झालेच, शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. मगरींच्या डीएनएत बदल फार संथ होत गेले आहेत, पक्ष्यांच्या डीएनएत पुष्कळ वेगाने. थोरल्या घरात जुनी भांडीकुंडी तशीच राहिली आणि धाकट्याने सगळे घर नव्याने बांधले, असे म्हणता येईल.

हृदय आणि श्वास

आता आतून पाहू. बेडकाच्या आणि सरड्याच्या हृदयाला तीन कप्पे असतात. शुद्ध आणि अशुद्ध रक्त त्यात काही प्रमाणात मिसळू शकते. पक्ष्यांच्या हृदयाला चार कप्पे. मगरीच्या हृदयालाही चारच. सरपटणाऱ्यांच्या खणात बसलेल्या या एकाच गटाकडे पक्ष्यांसारखे पूर्ण विभागलेले हृदय आहे.

मात्र मगरीने एक चोरवाट राखून ठेवली आहे. हृदयातून निघणाऱ्या दोन महारोहिण्यांच्या मध्ये एक लहान छिद्र असते. १८३३ साली बार्तोलोमेओ पानिझ्झा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. या छिद्रामुळे आणि एका खास झडपेमुळे मगर पाण्याखाली असताना फुप्फुसाकडे जाणारे रक्त कमी करून ते शरीराकडे वळवू शकते. घाबरून तळाशी दडून बसलेल्या मोठ्या मगरीचे ठोके मिनिटाला दहाच्याही खाली येतात. अंजिरावर उड्या मारणाऱ्या शिंप्याचे ठोके त्याच मिनिटाला पाचशेच्या पुढे असतात.

श्वासाची गोष्ट त्याहून नवलाची. आपला श्वास भात्यासारखा : हवा ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्यांच्या फुप्फुसात मात्र हवा एकाच दिशेने वाहते. पाटाचे पाणी जसे एका तोंडाने शेतात शिरते आणि दुसऱ्या तोंडाने निघते, तशी. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. ही सोय उडण्यासाठी झाली असावी, असे बराच काळ मानले जाई. २०१० साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी ॲलिगेटरच्या फुप्फुसातला प्रवाह मोजला आणि तो एकाच दिशेने वाहतो असे दिसून आले. जो प्राणी कधी उडाला नाही, त्याच्याकडे ही सोय कशाला? उत्तर असे की ती उडण्यापेक्षा जुनी आहे. पुढे काही वर्षांत घोरपडीच्या कुळातल्या एका जातीतही असा प्रवाह सापडला. म्हणजे ही रीत वाड्याच्या वाटणीपेक्षाही जुनी असू शकेल. शास्त्रात एक दार उघडले की मागे आणखी एक दार असते, ते असे.

अशा हृदयाचे आणि फुप्फुसाचे एका आळशी प्राण्याला काय काम, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. २००४ साली रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक उत्तर सुचवले. मगरीचे पूर्वज उष्ण रक्ताचे, जमिनीवर धावणारे प्राणी असावेत. पुढे पाण्यात दबा धरून बसण्याचे जगणे पत्करल्यावर त्यांनी ती धग विझवली असावी. हे सर्वमान्य झालेले नाही. पण जमिनीवर सडपातळ पायांनी धावणाऱ्या प्राचीन मगरवर्गीयांचे जीवाश्म आहेत, ही गोष्ट खरी. तेव्हा आज मगरीची निष्क्रियता जी आपल्याला तिचा मूळ स्वभाव वाटते, ती कदाचित तिने नंतर स्वीकारलेली काटकसर असेल.

भाकरीचा हिशेब

इतके साम्य असताना दोघांची आयुष्ये इतकी वेगळी का? याचे उत्तर खर्चवहीत आहे.

शिंपी आपले शरीर रात्रंदिवस चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठेवतो. लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून उष्णता लवकर निसटते. चूल सतत पेटती ठेवावी लागते. पक्ष्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रात आठ ग्रॅम हे वजन घालून मी हिशेब केला : नुसते स्वस्थ बसून राहायलाच त्याला दिवसाला सुमारे चार किलोकॅलरी लागतात, उडणे, गाणे, किडे शोधणे धरले तर दहाच्या आसपास. ओल्या किड्यांत पाणीच जास्त, त्यामुळे या दहा किलोकॅलरींसाठी पाच-सात ग्रॅम किडे हवेत. म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके, आणि तेही रोज. दोन दिवस पोटात काही गेले नाही, तर शिंपी जगणे कठीण. तो रोजंदारीवरचा मजूर आहे. आजची हजेरी बुडाली तर आजची चूल बंद.

मगर शरीर तापवायला अन्न जाळत नाही. ती ऊन वापरते. सकाळी काठावर येऊन आडवी पडते, तापली की तोंड उघडते, फार तापली की पाण्यात जाते. सेमूर यांनीच २०१३ साली खाऱ्या पाण्यातल्या मगरींची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांवरून हिशेब केला तर दोनशे किलोच्या मगरीला तीस अंश तापमानात स्वस्थ पडून राहायला दिवसाला साडेपाचशे किलोकॅलरींच्या आसपास लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर शंभर ग्रॅम पिठाच्या दीड-पावणेदोन ज्वारीच्या भाकरी. माझा दिवसाचा शिधा त्याच्या तिप्पट-चौपट आहे आणि माझे वजन मगरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

पारड्यातल्या त्या पंचवीस हजार शिंप्यांना स्वस्थ बसून राहायलाच दिवसाला एक लाख किलोकॅलरी लागतील. वजन तेवढेच, खर्च पावणेदोनशे पट. दुसऱ्या बाजूने पाहा : एका मगरीच्या निवांत दिवसाच्या शिध्यात फक्त एकशे चाळीस शिंपी बसतील. मगर साठवणीवर जगणारी आहे. एक मोठे जनावर मिळाले की पुढचे कित्येक आठवडे भागते आणि वेळ पडली तर ती महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. ज्या संकटात डायनोसॉर संपले, त्यातून मगरी निभावल्या, त्यामागे ही काटकसर असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

पण काटकसरीलाही किंमत असते. मगरीची झेप डोळे दिपवणारी असली, तरी ती झेप प्राणवायूच्या बळावरची नसते. स्नायू प्राणवायूवाचून ताकद काढतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जाते. काही मिनिटांच्या झटापटीत ती पुरती दमते आणि पूर्ववत व्हायला तिला कित्येक तास लागतात. फार दमवलेल्या मोठ्या मगरी रक्तातल्या या आम्लामुळे मेल्याच्या नोंदी आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठी मगरी वस्तीजवळ आल्या. दोरखंड टाकून, काठ्यांनी डिवचून, तास-तासभर ओढाताण करून मगर पकडणे आणि मग 'सुखरूप सोडली' असे म्हणणे, यातली चूक इथे लक्षात यावी. वरून जखम नसली तरी ती आतून संपलेली असू शकते. वनखात्याची माणसे येईपर्यंत अंतर राखून उभे राहणे, हेच दोघांच्याही हिताचे.

अंडे फिरवावे की फिरवू नये

आता १९९८ च्या त्या एप्रिलकडे परत जातो. मी हे आजवर लिहिले नव्हते.

दरडीतल्या घरट्याची गोष्ट मीच चहाच्या टपरीवर सांगितली. नवीन काही कळले की सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा स्वतःच शिकलेल्या माणसाचा दुर्गुण. तिसऱ्या दिवशी गावातली काही पोरे मगर पाण्यात असल्याचे पाहून दरडीवर चढली आणि त्यांनी खड्डा उकरला. मी पोहोचलो तेव्हा चोवीस अंडी एका पाटीत होती आणि पोरे ती हातात घेऊन, हलवून, उन्हात धरून बघत होती. प्रत्येक अंड्याच्या मध्याभोवती एक पांढरा, अपारदर्शक पट्टा होता. तो काय आहे ते मला माहीत नव्हते.

पोरांना रागावून मी अंडी परत घेतली आणि जीव मुठीत धरून पुन्हा खड्ड्यात ठेवली. वरची खाली, खालची वर, कशीही. माती लोटली. घरी येऊन आईला सांगितले. तिने आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. ती म्हणाली, "काय हुत नाय रं. कोंबडीबी अंडी फिरिवतीच की." मला हायसे वाटले. पक्षी अंडी फिरवतात, हे पुस्तकातही होते.

मेच्या अखेरीस अंजिरावरच्या घरट्यातून तीन पिल्ले उडाली. जून उजाडला. दरडीखाली मगरीच्या पोटाचा ठसा रोज नवा दिसे. ती येत होती, थांबत होती, जात होती. मातीतून आवाज आला नाही. पुढे पावसाचे पाणी चढले आणि दरड बुडाली.

कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. कोंबडीच्या किंवा शिंप्याच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांनी पिळदार दोऱ्या असतात. अंडे कसेही फिरले तरी बलक फिरून सरळ होतो. उलट, अंडे फिरवले नाही तर पक्ष्याचा गर्भ कवचाला चिकटतो आणि मरतो. मगरीच्या अंड्यात या दोऱ्या नाहीत. अंडे घातल्यानंतर सुमारे एका दिवसात गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या आवरणाला चिकटतो, आणि तो तिथेच चिकटून राहायला हवा. अंडे उलटले की तो बलकाखाली दबतो, फाटतो, गुदमरतो. तो पांढरा पट्टा म्हणजे आत जीव धरल्याची खूण होती. मगरपालन केंद्रात अंडी हलवायची झाली तर आधी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात आणि ती खूण वरच राहील अशीच ठेवतात. पेन्सिल माझ्या कानावर होती.

अंड्याची ही एकच गोष्ट दोन घरांतली दुरावलेली रीत दाखवते. कवच दोघांचेही चुन्याचे, कडक. पण शिंप्याची मादी दीड सेंटीमीटरचे अंडे पोटाखाली घेऊन स्वतःच्या उबेने बारा-तेरा दिवसांत फोडते. मगरीची अंडी मातीच्या उबेवर दोन महिने काढतात. शिंप्याचे पिल्लू नर की मादी, हे गुणसूत्रांनी आधीच ठरलेले असते. मगरीकडे तशी गुणसूत्रेच नाहीत; तिथे माती ठरवते. मद्रास क्रोकोडाइल बँकेत जेफ्री लँग आणि हॅरी अँड्र्यूज यांनी केलेल्या अभ्यासात, आपल्याच मगरीच्या अंड्यांतून २८ ते ३१ अंश तापमानात फक्त माद्या निघाल्या; ३२.५ अंशांना फक्त नर. दीड अंशात सगळे चित्र पालटते. म्हणून दरडीवरची झाडे तोडणे, माती उपसणे, काठ उघडा पाडणे म्हणजे पुढच्या पिढीच्या जन्मातच हात घालणे आहे. एरवी महिनोन्‌महिने उपाशी राहू शकणारा हा दणकट प्राणी, आयुष्याच्या पहिल्या दोन महिन्यांत शिंप्यापेक्षाही नाजूक असतो.

बाळंतपण

तरीही एका बाबतीत दोन्ही घरांची रीत एकच राहिली, आणि तीच आमच्या काठावर सर्वांत महत्त्वाची आहे.

मगरीची पिल्ले अंड्यातूनच आवाज काढतात. २००८ साली आमेली व्हर्न आणि निकोला माथेव्हॉन यांनी नाईल नदीतल्या मगरींच्या जातीवर प्रयोग केले. अंड्यातल्या आवाजाने शेजारच्या अंड्यांतली भावंडे फुटायला लागतात आणि आई माती उकरू लागते, असे त्यांना दिसले. आई पिल्लांना जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. ज्या जबड्याने म्हैस ओढायची, त्याच जबड्यात वीतभर पिल्लू ओरखडाही न पडता. मद्रास क्रोकोडाइल बँकेत तर नर मगरही पिल्लांना पाण्यापर्यंत नेताना आढळला, आणि तो अभ्यास आपल्याच जातीच्या मगरीचा. शिंप्याच्या घरीही नर-मादी दोघे मिळून पिल्लांना भरवतात. घरटे, राखण, पिल्लांची हाक आणि त्या हाकेला धावणारे आईबाप, हा वारसा बहुधा वाटणीच्या आधीचाच.

गळा मात्र वेगळा झाला. मगर आपल्यासारखा स्वरयंत्राने आवाज काढते; तिची हाक ती शिकत नाही, जन्मतःच आणते. पक्ष्यांनी श्वासनळीच्या खालच्या टोकाला एक नवेच वाद्य बसवले. आणि शिंपी ज्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडतो, ते आपले गाणे मोठ्यांचे ऐकून, चुकत-माकत शिकतात, मूल बोलायला शिकते तसे.

मगरीला नुसते 'सरपटणारे जनावर' मानले की आपण असे गृहीत धरतो की ती अंडी घालून निघून गेली असेल. ही समजूत जिवावर बेतू शकते. फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत ती घरट्याजवळच असते. त्याच महिन्यांत पाणी उतरते, डोह आखडतात, आणि माणसे धुण्याला, पोहायला, जनावरे घेऊन त्याच पाण्यात उतरतात. आमच्या काठावर माणसे गेली आहेत. त्यांच्या घरच्यांपुढे मगरीचे कौतुक सांगण्याचा मला अधिकार नाही. पण पाण्यात कधी आणि कुठे उतरू नये, हे सांगण्याचा आहे. उन्हाळ्यात उंच, भुसभुशीत दरडीखालच्या पाण्यात उतरू नये. पाणी हवे असेल तर दोर लावून बादलीने, वर उभे राहून काढावे. गुडघाभर पाण्यात वाकून बसू नये. काठावर ताजी माती उकरलेली किंवा पोट घासटल्याचा ठसा दिसला की तिथला घाट सोडावा आणि वनखात्याला कळवावे. कुदळ घेऊन जाऊ नये.

१९७२ च्या कायद्याने मगरीला पहिल्या परिशिष्टात संरक्षण दिले, १९७५ मध्ये सरकारने मगर प्रकल्प सुरू केला. पण काठावरच्या माणसाला रोज उपयोगी पडेल ते ज्ञान त्याहून जुने आहे. आमच्या घाटावर एक म्हातारे नावाडी होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. पोरांनी दरड उकरली, त्याच्या महिनाभर आधी ते मला म्हणाले होते, "चैतात त्या दरडीखाली जाऊ नगा. बाळंतीण हाय तिथं." मी मनात हसलो होतो. सरपटणाऱ्या प्राण्याला कसले आले बाळंतपण, असे तेव्हाचे माझे पुस्तकी ज्ञान. 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' ही म्हण आपण खुशामतीसाठी वापरतो. तात्यांनी तिला बाई म्हटले, ते मात्र खरोखर ओळखून.

मी त्या वर्षी दोनदा चुकलो. आधी मगर पक्ष्यापासून फार दूरची समजलो, म्हणून तात्यांचे ऐकले नाही. मग ती पक्ष्यासारखीच समजलो, म्हणून अंडी उलटीपालटी ठेवली. नाते ओळखणे हे अर्धेच काम. ते कुठपर्यंत जाते, हेही पाहावे लागते. दोन प्राण्यांची तुलना करायची ती यासाठी.

मोटारघर आता पाडले आहे. नवे जॅकवेल वरच्या अंगाला झाले. अंजीर मात्र आहे, आणि शिंपी दर वर्षी त्याची पाने शिवतो. दरडीवर गेल्या काही उन्हाळ्यांत पुन्हा घरटे होऊ लागले आहे. नेमके कुठे, ते मी आता टपरीवर सांगत नाही. चैत्र लागला की घाटावर जाऊन पोरांना एवढेच सांगतो, "तिकडं जाऊ नका. बाळंतीण आहे."